झाडांच्या समाचाराला कोण जातें?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

घरांतलें एखादें माणूस गेलें म्हणजे काय करावयाचें, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. त्या दिवशीं आपली चूल पेटत नाहीं. शेजारची पेटते आणि पिठलें-भात आपल्या घरीं येतो. पुढें दहा दिवस माणसांची ये-जा चालूं असते. येणारा फारसें शहाणपण सांगत नाहीं. "काय झालें? कसें झालें?" एवढेंच विचारतो, आणि घरचीं माणसें तीच हकीकत दहा वेळां, वीस वेळां सांगतात. तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण होतें आणि माणूस पुन्हां आपल्या कामाला लागतो. दुःख संपलेलें नसतें. पण त्याला एक वाट मिळालेली असते. पूर्वजांनीं घालून दिलेल्या ह्या रीतींत कर्मकांड किती आणि शहाणपण किती, हा वाद आज मला काढावयाचा नाहीं. मला विचारावयाचें आहे तें निराळेंच. माणसाच्या ऐवजीं दोन पिढ्यांनीं जोपासलेली वाडी गेली, लहानपणची नदी गेली, पावसाचा भरंवसा गेला, तर समाचाराला कोण येतें? त्याचें सुतक किती दिवसांचें?

हा प्रश्न मला कोणत्याहि पुस्तकांत सांपडला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें मुलांना वाचावयास आणि बेरजा करावयास शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. हवामानशास्त्रांत किंवा मानसशास्त्रांत मला अधिकार नाहीं. जें सांगणार आहें तें आमच्या घरांत घडलेलें आहे, आणि त्यांत माझी स्वतःची एक मोठी चूक आहे. ती आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातून होण्यासारखी आहे. म्हणूनच ती चारचौघांत सांगण्याचें धाडस करीत आहें.

आमचें मूळ घर श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्रकांठच्या एका गांवीं. घरामागें वाडी, वाडीमागें सुरूचें बन, आणि त्यापलीकडे समुद्र. कोंकणाबाहेरच्या श्रोत्यांसाठीं सांगावयास हवें कीं, वाडी म्हणजे नुसती बाग नव्हे. उंच माडांची सावली. त्या सावलींत पोफळी, म्हणजे सुपारीचीं झाडें. पोफळींवर चढविलेले मिऱ्याचे वेल. मधून एखादें जायफळ. आणि खालीं केळी. असा तो मजल्या-मजल्यांचा संसार असतो, आणि त्यांत एकाच्या आधारावर दुसरें उभें असतें. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास सहा-सात वर्षें तरी जावीं लागतात. पण एकदां धरूं लागली म्हणजे लावणाऱ्याच्या मुलालाहि ती पुरते. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपण ऐकून असाल. ती काढणारा गडी एका पोफळीच्या शेंड्यावर चढतो, झाड झुलवून दुसरीचा शेंडा धरतो, आणि जमिनीवर पाय न टेकतां एकामागून एक झाडें उतरवीत जातो. लहानपणीं आम्ही भावंडें माना वर करून तें पाहात तासन् तास उभीं राहात असूं. पुढें मी नोकरीसाठीं पुण्यास आलों. थोरले बंधू, दादा, वाडींतच राहिले.

३ जून २०२० रोजीं दुपारीं आमच्या किनाऱ्यावर जें चक्रीवादळ आदळलें, त्याचें नांव 'निसर्ग'. बांगला देशानें सुचविलेलें तें नांव. पण पुढें पुष्कळ दिवस तो शब्द उच्चारतांना आमच्या गांवच्या माणसाची जीभ अडखळे. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें वारा वाहिला, आणि जें उभें करण्यास दोन पिढ्या लागल्या होत्या तें दोन-तीन तासांत आडवें झालें. आमच्या वाडींतल्या ४१२ पोफळी आणि २३ माड गेले. घराचीं कौलें उडालीं. माणसें मात्र वांचलीं. वीज कित्येक आठवडे नव्हती, टेलिफोन मुके झाले होते. त्यांत तें वर्ष कोरोनाच्या साथीचें. जिल्ह्याची हद्द ओलांडावयास परवाना लागे. म्हणजे ज्या दिवसांत समाचाराला जावयाचें, नेमक्या त्याच दिवसांत कोणी कोणाकडे जाऊं शकत नव्हतें.

मग मीं काय केलें? मीं पत्र लिहिलें. चांगलें चार पानांचें. त्यांत लिहिलें कीं, माणसें सुखरूप आहेत हाच मोठा लाभ, जग नाशवंत आहे, ह्याहून मोठीं संकटें आपल्या वाडवडिलांनीं सोसलीं, भरपाई मिळेल, झाडें काय, पुन्हां लावतां येतील, तूं हिंमत सोडूं नकोस. त्यांतलें एकहि वाक्य खोटें नव्हतें. पत्र पेटींत टाकल्यावर मला स्वतःला पुष्कळ बरें वाटलें. दादांचें उत्तर मात्र आलें नाहीं.

दिवाळींत एस. टी.ने ताम्हिणी घाट उतरून मी घरीं गेलों. दादा ओटीवर बसले होते. ज्या माणसाचा दिवस विहिरीच्या पाण्याचा पाट वाडींत वळविण्यानें सुरू व्हावयाचा, तो माणूस पांच महिन्यांत वाडींत उतरलाच नव्हता. पडलेलीं झाडें जशींच्या तशीं होतीं, आणि त्यांवर रान माजलें होतें. विचारलें त्याचें उत्तर ते देत, वाढलेलें जेवत. पण घरांत असून नसल्यासारखे. रात्रीं मीं वहिनींना विचारलें, "वहिनी, माझें पत्र पोहोंचलें ना?" त्या म्हणाल्या, "पोहोंचलें, भावोजी. ह्यांनीं दोनदां वाचलें. पत्र चांगलेंच होतें. पण चार पानांत तुम्ही एकाहि झाडाची चौकशी केली नाहींत."

श्रोतेहो, छत्तीस वर्षें मीं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. माझी स्वतःची इतक्या थोडक्या शब्दांत कोणीं तपासली नव्हती.

रात्रभर विचार करतां माझ्या ध्यानीं आलें तें असें. दादांच्या दुःखाला मीं दुःख मानलेंच नव्हतें. 'माणसें वांचलीं ना, मग झालें' हें वाक्य सांत्वनाचें दिसतें. पण त्याचा अर्थ 'तुला रडावयाचें कारण नाहीं' असा होतो. ज्याला रडावयाचें आहे त्याला तें ऐकून रडूंहि येत नाहीं, आणि बोलूंहि येत नाहीं. घाईचें सांत्वन बहुधा सांत्वन करणाराच्या समाधानासाठीं असतें.

दुसऱ्या दिवशीं मीं गांवच्या दुकानांतून एक दोनशें पानी वही आणली आणि ओटीवर दादांच्या शेजारीं बसलों. म्हणालों, "दादा, विहिरीजवळची पोफळींची ओळ तूं लावलीस ना?" बऱ्याच वेळानें उत्तर आलें, "माझी नव्हे ती. आबांची. कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षींची." मीं वहींत लिहिलें : 'विहिरीजवळची ओळ. आबांनीं लाविली. १९६७.' मग विचारलें, "किती होत्या?" "अठरा. एक वीज पडून गेली. सतरा." असें करतां करतां दुपार झाली. आईनें लावलेल्या जायफळाची गोष्ट निघाली. जायफळांत नर आणि मादी अशीं झाडें निराळीं असतात. आईचें झाड नर निघालें, त्याला फळ यावयाचें नव्हतें, आबा तें तोडावयास निघाले, आणि आईनें तोडूं दिलें नाहीं. ती म्हणाली होती, "घरांत सगळेच कमावते असतात का?" दादा हें सांगतांना हसले. पांच महिन्यांतलें तें पहिलें हसणें, असें वहिनी मागाहून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं शेवटची ओळ लिहून झाली आणि दादा रडले. आबा गेले त्या दिवशींहि मीं त्यांना असें रडतांना पाहिलें नव्हतें. मी कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें जें होतें तें चार पानांत आधींच बोलून चुकलों होतों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते कोयता घेऊन वाडींत उतरले.

ह्यावरून वही म्हणजे कांहीं रामबाण औषध आहे, असें कृपा करून समजूं नये. दादा पूर्वीचे झाले नाहींत. २०२१ च्या मे महिन्यांत 'तौक्ते' वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, त्या रात्रीं ते ओटीवर जागत बसले होते. आणि अजूनहि वारा चढला कीं त्यांची झोंप उडते. पण वाडीकडे फिरविलेली पाठ त्यांनीं पुन्हां वळविली, एवढें खरें. पंचनाम्यांत झाडांचा आंकडा आला होता, आणि तो यावयासच हवा. त्यावांचून भरपाई कशी मिळणार? परंतु ४१२ हा आंकडा आहे. 'आबांची ओळ' हें नांव आहे. माणूस आंकड्यासाठीं रडूं शकत नाहीं.

हें दुःख एकट्या आमच्या दादांचें नाहीं, हें मला पुढें वाचनांत कळलें. ऑस्ट्रेलियांत ग्लेन आल्ब्रेक्ट नांवाचे एक तत्त्वचिंतक आहेत. त्यांच्या मुलखांत कोळशाच्या उघड्या खाणींनीं खोऱ्याचें रूप पालटून टाकलें. तेथले लोक गांव सोडून कोठें गेले नव्हते. तरी परदेशीं गेलेला माणूस घरासाठीं झुरतो तसे ते घरांत बसून झुरत होते. ह्या अवस्थेला त्यांनीं 'सोलॅस्टॅल्जिया' असा नवा शब्द केला. मराठींत आपण तिला घरच्या घरीं लागलेली घराची ओढ म्हणूं. आपण जागचे हलत नाहीं. जागाच आपल्याला सोडून जाते.

दुसरी हकीकत आइसलंडची. तेथें 'ओक' नांवाची एक हिमनदी होती. बर्फ वितळत वितळत २०१४ सालीं ती हिमनदी म्हणण्याच्याहि योग्यतेची उरली नाहीं. २०१९ च्या ऑगस्टमध्यें त्या देशाचे लोक डोंगर चढून तिच्या जागीं गेले. लहान मुलें होतीं, शास्त्रज्ञ होते, देशाच्या त्या वेळच्या पंतप्रधानहि होत्या. त्यांनीं तेथें भाषणें केलीं आणि पुढच्या पिढ्यांना उद्देशून लिहिलेला तांब्याचा एक पत्रा खडकावर बसविला. दुसऱ्याच महिन्यांत स्वित्झर्लंडमधल्या लोकांनीं काळे कपडे करून आपल्या एका हिमनदीला असाच निरोप दिला. कोणी म्हणेल, बर्फाला कसली आली श्रद्धांजली? मी असें म्हणणार नाहीं. ज्या दुःखाला रीत नव्हती, त्याला त्यांनीं रीत घालून दिली. आमच्या ओटीवरची दोनशें पानी वही तरी दुसरें काय होती?

आणि जेथें माणसेंच गेलीं, तेथेंहि ह्या आपत्ती आपल्या जुन्या रीती मोडून टाकतात. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून १५१ माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी. ह्या शेवटच्या दोन ठिकाणीं कित्येकांचे देह हातीं लागलेच नाहींत. शोध थांबवावा लागला. शेजारची चूल पेटावी म्हटलें तर शेजार उरला नाहीं. अशा वेळीं समाचाराचें काम दूरच्यांवर येतें, म्हणजे तुम्हां-आम्हांवर.

तें कसें करावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं आपद्ग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार कसे करावे ह्यासंबंधीं एक मार्गदर्शिका काढली. तिचें सार तीन क्रियापदांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे तें पाहा. तो सांगेल तें ऐका, पण सांगावयाची बळजबरी करूं नका. आणि त्याच्या माणसांशीं, मदतीशीं, माहितीशीं त्याला जोडून द्या. वाचून मला आमच्या वहिनींची आठवण झाली. त्यांनीं ती पुस्तिका पाहिलेलीहि नाहीं.

माझी एक भर त्यांत घालतों. आपत्तीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत मदतीचा पूर येतो. जुन्या कपड्यांचे ढीग साचतात. मग वर्तमानपत्रें दुसऱ्या बातमीकडे वळतात आणि पूर ओसरतो. दुःख मात्र त्याच वेळीं घरांत कायमचें राहावयास येतें. म्हणून समाचार सहाव्या महिन्यांत घ्यावा. पुन्हां वर्ष फिरलें म्हणजे घ्यावा. मोकळ्या हातीं जाण्याचा संकोच वाटला तर कांहीं काम अंगावर घ्यावें. चिपळूणचें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचें. २००५ च्या पुरांत त्याची नासाडी झाली, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरांत पुन्हां झाली. अशा ठिकाणीं चिखल उपसणारा एक माणूस शोक करणाऱ्या दहा पत्रांहून मोठा. हातानें काम चालूं असलें म्हणजे तोंडानें बोलणें सोपें जातें, हा शाळेच्या बागकामाच्या तासाला मला नेहमी आलेला अनुभव आहे.

आतां शहरांतल्या घरांकडे वळतों. आपल्या घरावर कौलें नसतात, मागें वाडी नसते. आपल्याकडे हें दुःख दुसऱ्याच वेषांत येतें. रात्रीं निजतांना हातांत टेलिफोन असतो, आणि त्यावर कोठला तरी पूर, कोठला तरी वणवा, कोठली तरी दरड एकामागून एक दिसत राहाते. पाहाणारा हळहळतो, पुढें सरकवतो, पुन्हां हळहळतो. ह्यांत समाचारहि नाहीं आणि हातहि नाहींत. नुसता मनाला पोखरणारा घुणा आहे. मी घरांत असा नियम केला आहे कीं, अशी बातमी दिवसांतून एकदां, उजेडीं, आणि शेवटपर्यंत वाचावी, रात्रीं नाहीं. आणि साऱ्या जगाचा शोक अंगावर घेण्यापेक्षां एक गांव, एक नदी, एक घर आपलें मानावें आणि त्याची खबर ठेवावी.

परंतु ह्या नव्या दुःखांत आणखी एक कांटा आहे, तो जुन्या दुःखांत नव्हता. पूर्वी दुष्काळ पडला, समुद्र खवळला, तर माणूस दैवाकडे बोट दाखवी. आज त्याला ठाऊक आहे कीं, ह्यांत माणसाचाहि हात आहे. कारखानदारी वाढण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. पृथ्वी तापते, समुद्र तापतो, आणि तापलेल्या पाण्याची वाफ हेंच चक्रीवादळाचें अन्न. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं २०२१ सालीं दाखवून दिलें कीं, १९८२ ते २०१९ ह्या काळाचे दोन भाग केले तर मागल्या भागापेक्षां २००१ नंतरच्या भागांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें ५२ टक्क्यांनीं वाढलीं. एखादें विशिष्ट वादळ ह्याच कारणानें आलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण आमच्या लहानपणचा समुद्र आणि आजचा समुद्र एक नाहीं, एवढें निश्चित.

मग ह्या अपराधाच्या भावनेचें काय करावें? शाळेंत वर्गांतल्या दोघा-तिघांनीं कांच फोडली म्हणून साऱ्या वर्गाला उभें करणें हा अन्याय, हें मी नव्या मास्तरांना नेहमी सांगत असें. एका भारतीयाच्या वांट्याला येणारा कर्बवायु जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी आहे, आणि आमच्या दादांच्या वांट्याचा तर त्याहून पुष्कळच कमी असेल. तरी पहिला घाव त्यांच्यावर पडला. त्यांनीं अपराधी वाटून घेण्याचें कारण नाहीं. पण शहरांतल्या आपल्या घरांना पूर्ण निर्दोषहि म्हणवत नाहीं. वातानुकूल खोल्या, मोटारी, विमानें हीं आपलीं आहेत. आपल्या वांट्याचें तेवढें आपण मानावें, आणि त्याचें प्रायश्चित्त रडण्यानें न करतां वागण्यानें करावें. प्रायश्चित्त हा शब्द जुना असला तरी त्यांतली एक गोष्ट मला फार आवडते. त्याला मर्यादा असते. तें केल्यावर माणसाला पुन्हां पंक्तींत बसतां येतें.

मुलांविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून मास्तराला राहावत नाहीं. २०२१ सालीं भारतासह दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वर्षांच्या दहा हजार तरुण-तरुणींना हवामानबदलाविषयीं विचारण्यांत आलें. त्यांतल्या शेंकडा ७५ जणांना पुढचा काळ भयावह वाटतो असें दिसून आलें. माझी नात दहा वर्षांची. तिनें एकदां विचारलें, "आजोबा, मी मोठी होईन तोंपर्यंत समुद्र आपली वाडी घेऊन जाईल का हो?" 'छे, असें कांहीं होत नसतें' हें वाक्य अगदीं ओठांवर आलें होतें. पण मुलाला खोटा धीर दिला तर त्याला तो खोटा आहे हें तर कळतेंच. शिवाय ह्या विषयावर मोठ्या माणसांशीं बोलण्यांत अर्थ नाहीं हेंहि कळतें. मीं म्हटलें, "मला ठाऊक नाहीं, बाळ. पाणी वाढत आहे हें खरें. किती वाढेल, तें पुष्कळ माणसें काय करतील त्यावर आहे. आपण दोघें काय करूं या?" त्या पावसाळ्यापासून आम्ही गच्चींत एक सरळ भिंतीचें भांडें ठेवून रोज सकाळीं पट्टीनें पाऊस मोजतों आणि वहींत लिहितों. ह्यानें समुद्र मागें सरणार नाहीं. पण ज्या गोष्टीचें मुलाला भय वाटतें, तिच्याकडे पाठ न करतां पाहाण्याची त्याला संवय होते. आणि शेजारीं कोणी तरी मोठें माणूस आहे, ही खूण पटते.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. दुःख निराळें आणि आजार निराळा. आठवडेच्या आठवडे झोंप नाहीं, अन्न जात नाहीं, कोणत्याहि कामांत मन लागत नाहीं, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं अशी भाषा तोंडीं येऊं लागली, तर तेथें वही पुरत नाहीं. वैद्यकाची मदत घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें 'टेलिमानस' नांवाची मोफत सेवा चालूं केली आहे. तिचा टेलिफोन क्रमांक १४४१६. तो टिपून ठेवावा. स्वतःसाठीं नाहीं तर शेजाऱ्यासाठीं उपयोगीं पडेल.

आतां वाडीची हकीकत पुरी करतों. २०२१ च्या पावसाळ्यांत दादांनीं पुन्हां लागवड केली. पण जशी होती तशी नव्हे. समुद्राकडच्या पट्ट्यांत आतां पोफळी लावावयाच्या नाहींत, असें त्यांनीं ठरविलें. तेथें वारा अडविण्यासाठीं उंडीचीं आणि सुरूचीं झाडें लाविलीं. आंतल्या बाजूला माडांची सावली उरली नव्हती, म्हणून आधीं केळी धरली आणि त्या सावलींत दीडशें पोफळी लाविल्या. जी जागा सोडावी लागली, तिच्याबद्दल ते अजून हळहळतात. आबांनीं समुद्राच्या कडेपर्यंत नेलेली वाडी आपल्या हयातींत मागें आली, हें त्यांना लागतें. मी आतां त्यांची समजूत घालावयास जात नाहीं. तें खरेंच आहे. वाडी मागें आली आहे. शोक आवरणें म्हणजे गेलेलें परत येईल असें मानणें नव्हे. काय गेलें आणि काय उरलें ह्याचा हिशेब डोळे उघडे ठेवून मांडणें, आणि जें उरलें त्याला पाणी घालणें, एवढाच अर्थ मला तरी आजवर समजला आहे.

दादा आतां सत्तरीच्या पुढें आहेत. ती दोनशें पानी वही त्यांनीं स्वतःकडे ठेवून घेतली आहे, आणि मागल्या पानांपासून तींत नव्या ओळी लिहावयास घेतल्या आहेत : कोणती कोठें लाविली, कोणती जगली, कोणती गेली. नव्या पोफळींपैकीं अजून एकीलाहि पोय आलेली नाहीं. मी दर दिवाळींत जातों. ओटीवर पिशवी ठेवतों, आणि पहिल्यानें पोफळींची चौकशी करतों, प्रकृतीची मागाहून.

आपल्याहि ओळखींत असा कोणी असेल. ह्या रविवारीं त्याच्याकडे जावें, आणि काय गेलें तें नांवानिशीं विचारावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.